ऑइलचा कौल

भूमिदेव थ्याम-सूच्या दुकानात येऊन बसले आणि गल्लीतल्या स्कूटरींचं ऑइल बदलणं बंद झालं.

देव दुकानात आले ते मोठ्या मानानं आले होते. ताइनान शहरातल्या त्या गल्लीत दरवर्षी भूमिदेवाच्या वाढदिवशी नवा यजमान ठरतो. घरटी एक माणूस देवळापुढे रांगेत उभा राहतो, लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेऊन कौल लावतो आणि ज्याला ओळीनं सगळ्यांत जास्त होकार मिळतील त्याच्या घरी देव वर्षभर राहायला जातात. एक कोर पालथी, एक उताणी पडली की होकार. दोन्ही पालथ्या पडल्या की नकार. आणि दोन्ही उताण्या पडल्या तर देवाला हसू आलं असं समजायचं. थ्याम-सूच्या वडिलांनी हयातभर रांग लावली, त्यांना देवानं कधी दुसऱ्या होकारापुढे जाऊ दिलं नाही. थ्याम-सूचंही तेच चाललं होतं. या वर्षी मात्र देव असे प्रसन्न झाले की होकार मोजता मोजता वॉर्डाच्या मुखियाच्या हाताची बोटं संपली. थ्याम-सूची बायको त्साय-होंग तिथंच पदरात तोंड लपवावं तशी जाकिटाच्या बाहीत तोंड लपवून रडली.

घर दुकानाच्या माडीवर, जिना अरुंद. देवाला तिरकं करून वर नेणं बरं दिसेना. म्हणून समोरच्या मांडणीवरच्या मधल्या फळीवरून ऑइलच्या बाटल्या उतरवल्या, लाल कापड अंथरलं आणि भूमिदेवांना तिथं बसवलं. डावीकडे स्कूटरचं ऑइल, उजवीकडे मोटारीचं, मध्ये पांढऱ्या दाढीचे हसरे देव. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी त्साय-होंग तीन छोट्या कपांत चहा ठेवी, उदबत्ती लावी आणि डोळे मिटून एकच मागणं मागे, की वर्ष निष्कलंक जाऊ दे.

थ्याम-सूचं मागणंही तेच होतं. यजमानाच्या वर्षात काही उणं झालं तर गल्ली ते जन्मभर विसरत नाही. पलीकडच्या खाटकाच्या वर्षात उदबत्तीची ठिणगी उडून देवाच्या दाढीचं टोक जळलं होतं. खाटीक बिचारा रोज गुळगुळीत दाढी करतो, तरी त्याला आजतागायत सगळे 'जळकी दाढी' म्हणतात. त्याच्या नातवालाही शाळेत तेच नाव पडलं आहे.

आता थ्याम-सूच्या धंद्याविषयी. स्कूटर दुरुस्तीच्या धंद्यात त्याचं एकच तत्त्व होतं, ते म्हणजे हजार. हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलायचं. गाडी नवी असो जुनी असो, बाई चालवो की बुवा, हजार. मोटार असेल तर पाच हजार. कंपन्यांच्या पुस्तकांत वेगळे आकडे असतात असं कुणी म्हटलं तर तो म्हणे, पुस्तक थंड हवेत लिहिलेलं असतं. हा हजार त्याला वडिलांनी सांगितला होता आणि वडिलांना त्यांच्या उस्तादानं. का हजार, हे तिघांपैकी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकंही विचारत नसत. डॉक्टर पाणी भरपूर प्या म्हणतो तेव्हा आपण कुठं कारण विचारतो.

विचारलं ते ग्योक-तुआन मावशीनं, आणि तेही थ्याम-सूला नाही.

मावशी गल्लीच्या तोंडाशी राहायची. तिची स्कूटर घर ते मासळीबाजार आणि मासळीबाजार ते घर एवढीच चाले, पण इतकी वर्षं चालत होती की तिचा मूळ रंग कोणता यावर दोन मतं होती. त्या दिवशी ती टोपलीत मासे घेऊन थांबली, चाकात हवा भरायला. थ्याम-सूनं सवयीनं किलोमीटरच्या आकड्याकडे पाहिलं.

"मावशी, हजाराच्या वर गेलीय. आत घ्या, बदलून टाकू."

"आज नको. मासे उन्हात आहेत."

"पाच मिनिटं लागतील."

"तुझ्या पाच मिनिटांत माझे मासे सरणावर जातात." मावशी वळली आणि तिचं लक्ष मधल्या फळीकडे गेलं. "आणि घरात एवढं वडीलधारं माणूस बसलेलं असताना तुला कशाला विचारू मी?"

तिनं चपला काढल्या, देवापुढच्या चंद्रकोरी उचलल्या आणि हात जोडून म्हणाली, "आजोबा, या गाडीचं ऑइल मी नाही बदललं तर चालेल ना?"

कोरी जमिनीवर पडल्या. एक पालथी, एक उताणी. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. मावशीनं नमस्कार केला, चपला घातल्या, थ्याम-सूकडे एकदा दयेनं पाहिलं आणि मासे घेऊन निघून गेली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी शेवयांच्या गाडीवाला आला, त्याला होकार मिळाला. मग शिंपीण आली, दूध टाकणारा आला, दातांचा डॉक्टर आला. सगळ्यांचा प्रश्न एकच आणि देवाचं उत्तर एकच. शेवटी वॉर्डाचा मुखिया बून-थोंग आपली काळी मोटार घेऊन आला. निवडणुकीत मतं मागताना वाकतो त्याहून जास्त वाकून त्यानं मोटारीसाठी कौल लावला. देवानं मोटारीलाही होकार दिला.

थ्याम-सू सर्वांना म्हणायचा की होकार दिला असेल, पण इंजिनाला कान असतात का. यावर लोक मांडणीकडे बघत आणि आवाज खाली आणून म्हणत, "अरे, त्यांच्यासमोर काय बोलतोस हे?" मग तोच मान खाली घाली.

बाटल्यांवर धूळ बसू लागली. एकदा त्यानं मनाचा हिय्या करून स्वतःच कौल लावला. दुकानात धूर फार होतो, आजोबांना माडीवर बरं वाटेल का? दोन्ही कोरी उताण्या पडल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा उताण्या. तिसऱ्यांदा त्यातली एक घरंगळत जाऊन ऑइलच्या बाटलीला टेकली आणि उताणी झाली.

"देव हसतायत," त्साय-होंग हळूच म्हणाली.

"कळलं मला," थ्याम-सू म्हणाला.

दिवस सरले, उन्हाळा आला आणि ग्योक-तुआन मावशीची स्कूटर वाजायला लागली. आधी नुसती कुरकुर होती. मग डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज यायला लागला. मावशी गल्लीत शिरली की थ्याम-सू हातातलं काम टाकून कान टवकारी. त्या आवाजावरून त्याला इंजिनाच्या पोटातलं सगळं दिसे. आत काळी राळ झाली असणार. आज नाही उद्या इंजिन आतून घट्ट धरून गाडी चौकात थांबणार, मावशी तोंडावर पडणार, आणि उठून पहिलं वाक्य म्हणणार की थ्याम-सूच्या वर्षात देव खोटं बोलले. खाटकाची निदान दाढीच जळली होती.

त्यानं तिला पुन्हा सांगून पाहिलं. मावशी म्हणाली, आवाज येतोय कारण गाडी आनंदात आहे.

तेव्हा त्याच्या मनात ते आलं. ताइनानच्या उन्हात दुपारी जेवणानंतर सगळी गल्ली झोपते. कुत्रीही सावलीला आडवी होतात. स्कूटरी घरांपुढे ओळीनं उभ्या असतात, बाजारातून नुकत्याच आलेल्या, इंजिन अजून कोमट, ऑइल पातळ. पोटाखालचा नट काढायला गाडीची किल्ली लागत नाही, ऑइल घालायच्या तोंडाचं झाकणही बाहेरच असतं. थ्याम-सूनं परात घेतली, पाना घेतला, बाटली शर्टाखाली लपवली आणि अनवाणी पायांनी मावशीच्या दारात गेला. आतून तिचं घोरणं ऐकू येत होतं. ऑइल कसलं, डांबरच निघालं ते. त्यानं नवं भरलं, नट आवळला, जमीन पुसली आणि परात झाकून घरी आला. आयुष्यात त्यानं कधी कुणाची टाचणी चोरली नव्हती. त्या दिवशी मात्र तो चोरासारखा भिंतीच्या कडेकडेनं चालला.

दुसऱ्या दिवशी मावशी गल्लीत शिरली ती लोण्यावरून घसरत यावी तशी. आवाज म्हणून नाही. दुकानापुढे थांबून तिनं इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं आणि बाजूच्या चार घरांतल्या बायका बोलावल्या.

"ऐका," ती म्हणाली. "ऐकू येतंय का काही? नाही ना? मीही तेच म्हणते. गाडी स्वतःच बरी झाली. आजोबांनी सांगितलं होतं नाही बदललं तरी चालेल, चालली की नाही?"

बायकांनी थ्याम-सूकडे पाहिलं. थ्याम-सू पंक्चरच्या टबात हवेचे बुडबुडे शोधत राहिला.

त्यानंतर ज्याची गाडी वाजू लागे तो निर्धास्त राही, आणि ज्याची वाजे त्याच्या दारी दुपारी थ्याम-सू जाई. शिंपिणीची झाली, दूधवाल्याची झाली, डॉक्टरची झाली. जितक्या गाड्या आपोआप बऱ्या होत तितकी देवाची कीर्ती वाढे, आणि जितकी कीर्ती वाढे तितके नवे लोक कौल लावून जात. आपण कोणत्या चक्रात सापडलो आहोत हे त्याला कळत होतं, पण बाहेर पडायचं कुठून ते कळत नव्हतं. बदलत राहिलं तर चमत्कार वाढतो, थांबावं तर देव खोटे पडतात.

इकडे त्साय-होंगच्या डोक्यात वेगळंच घोळू लागलं. नवरा रोज जेवून आडवा होतो, ती झोपली असं वाटलं की उठतो, अनवाणी बाहेर जातो आणि घामाघूम होऊन परत येतो. त्याच्या अंगाला अत्तराचा वास आला असता तर काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं, तिच्या आईनं शिकवून ठेवलं होतं. पण त्याच्या अंगाला जळक्या ऑइलचा वास येई. ज्या माणसाच्या दुकानात महिनोन्महिने ऑइलची बाटली उघडली नाही त्याच्या अंगाला ऑइलचा वास कुठून येतो, याचा अर्थ लावायला तिची आई कमी पडली होती. एका दुपारी ती मागोमाग गेली आणि तिला नवऱ्याचे दोन पाय शेवयांच्या गाडीवाल्याच्या स्कूटरखालून बाहेर आलेले दिसले.

"काय करताय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"देवाची लाज राखतोय," गाडीखालून उत्तर आलं. "परात जरा अलीकडे सरकव."

तिनं परात सरकवली. संध्याकाळी ती देवापुढे बराच वेळ बसून होती, उठली तेव्हा तिचा चेहरा शांत होता. दुसऱ्या दिवसापासून ती गल्लीच्या तोंडाशी भाजी निवडत बसू लागली. कुणी जागं होऊन बाहेर आलं तर खोकायचं, असं ठरलं. तिला खरा खोकला झाला त्या आठवड्यात मात्र थ्याम-सूचे फार हाल झाले. दातांच्या डॉक्टरच्या स्कूटरखालून तो सात वेळा उठून पळाला.

पावसाळा संपेपर्यंत कीर्ती नदीपलीकडे गेली. परक्या वस्त्यांतले लोक येऊ लागले, कौल लावू लागले आणि स्कूटरवर बसून परत जाऊ लागले. आता या लोकांची दुपारची झोप काही थ्याम-सूच्या गल्लीत होणार नव्हती. त्यांच्या गाड्या कुठंतरी पुलावर धरणार आणि बातमी परत इथं येणार.

उपाय त्साय-होंगनं काढला. कोहळ्याचं गोड सरबत करायचं, आणि बाहेरून आलेल्यानं कौलानंतर देवाकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून, तीन पेले घोट घोट प्यायचे अशी रीत घालायची. तेवढ्या वेळात बाहेर एक स्कूटर होते. पण मनानं रीत घालणं तिला पटेना, म्हणून आधी तिनं देवाला विचारलं. कौल लागला तेव्हाच तिनं कोहळा चिरायला घेतला.

"मागे वळून पाहायचं नाही का?" पाहुणे विचारत.

"नाही हो. पेला संपेपर्यंत नाही."

"आणि तो खटखट आवाज?"

"मिस्त्री आहेत घरात," त्साय-होंग खरं तेच सांगे.

लोक म्हणू लागले की असं मन लागणारं देवस्थान दुसरं नाही. थ्याम-सूच्या मांडणीवरच्या बाटल्या भराभर कमी होऊ लागल्या, आणि विक्री मात्र शून्यच. कंपनीचा माल पोचवणारा म्हणायचा, तुमचा धंदा फार जोरात दिसतो. थ्याम-सू हो म्हणायचा.

असं करत वर्ष शेवटाला आलं. वाढदिवसाला देवाला वाजतगाजत मोठ्या देवळात न्यायचं, दर्शन करवायचं आणि परत आणून नव्या यजमानाच्या हाती द्यायचं. एवढं सुखरूप झालं की सुटलो, असं थ्याम-सू मनाशी म्हणत होता. गल्लीतल्या सगळ्या स्कूटरी मिरवणुकीत असणार होत्या आणि त्यांतली एकेक त्यानं डोळ्यांत तेल घालून तयार ठेवली होती. राहिली होती एकच गाडी, मुखियाची काळी मोटार. आणि देव बसणार होते त्याच मोटारीत.

मोटारीला हात लावायची सोय नव्हती. बून-थोंगच्या घरी सासू राहायला आलेली, त्यामुळे तो दुपारची झोप मोटारीतच काढी, खुर्ची मागे पाडून, काचा लावून. थ्याम-सूनं धुऊन देतो म्हणून पाहिलं, मुखिया म्हणाला मीच मेण लावून चकाकवलीय, बोटं उमटतील. ब्रेक बघतो म्हटलं, तर म्हणाला मी ब्रेक फारसे वापरत नाही. शेवटी थ्याम-सूनं उघडच विचारलं.

"मुखियासाहेब, ऑइल एकदा बघू का नुसतं?"

बून-थोंगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्याच घरी देव असून तुझाच विश्वास बसू नये," तो म्हणाला, "याचं मला वाईट वाटतं रे."

वाढदिवशी सकाळी ढोल वाजले, झेंडे निघाले. देवांना मोटारीच्या पुढच्या खुर्चीवर बसवून लाल पट्ट्यानं बांधलं. उदबत्तीचं पात्र मांडीवर घेऊन त्साय-होंग मागं बसली. मुखिया चालवायला. आपल्या स्कूटरवर थ्याम-सू मोटारीच्या अगदी शेजारून, शर्टाखाली दोन बाटल्या बांधून. पोट सुटलंय का रे, असं दोघांनी त्याला विचारलं.

पहिला चौक बरा गेला. दुसऱ्या चौकाच्या अलीकडे त्याला तो आवाज आला. ढोल, झांजा, सनया, सगळ्यांच्या खालून येणारा टकटक टकटक. त्यानं खिडकीतून डोकावून पाहिलं तर मुखियासमोरच्या काचेत ऑइलचा तांबडा दिवा लागलेला.

"तो दिवा कधीपासून लागलाय?" त्यानं विचारलं.

"देव बसल्यापासून," मुखिया भक्तिभावानं म्हणाला. "शुभ आहे."

थ्याम-सूनं मनाशी गल्ल्या मोजल्या. अजून दोन गल्ल्या गेल्या तर हे इंजिन कायमचं धरणार, भर रस्त्यात, देव आत, मागे सगळी वस्ती, पुढे दुसऱ्या वस्त्यांच्या मिरवणुका. त्यानं मागच्या काचेतून बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं पाहिलं की तिला कळे. तिनं मान हलवली.

पुढच्या वळणावर सोनाराच्या दुकानापुढे पूजेचं टेबल मांडलेलं होतं आणि फटाक्यांची भलीमोठी माळ रस्त्यावर पसरलेली होती. मिरवणूक थांबली. माळ पेटली. कानठळ्या बसल्या आणि पांढऱ्या धुरात सगळं बुडालं, मोटार दिसेना, माणूस दिसेना. त्साय-होंगनं पुढं वाकून, देवाची क्षमा मागून, मुखियाच्या पायाजवळची बॉनेटची कळ ओढली. बॉनेट उचललं गेलं. थ्याम-सूनं भाजणाऱ्या बोटांनी झाकण फिरवलं आणि पहिली बाटली ओतली. मग दुसरी. घटघट आवाज येत होता आणि त्याला वाटत होतं, तहानलेल्याला पाणी पाजतोय. तो क्षणभर सगळं विसरला.

सोनारानं माळ जरा जुनी वापरली होती. अर्धे फटाके फुटलेच नाहीत. वारा आला, धूर वर गेला, आणि सगळ्या वस्तीला दिसलं की वर्षाचा यजमान मोटारीच्या जबड्यात डोकं घालून, शर्ट वर, हातात रिकामी बाटली घेऊन उभा आहे.

ढोलवाला थांबला. झांजवाल्याची एक झांज तेवढी उगाच वाजली.

"हे काय?" मुखिया बाहेर येत म्हणाला.

थ्याम-सूनं बाटली मागं लपवू पाहिली, मग लपवण्यात अर्थ नाही हे जाणून खाली ठेवली. "ऑइल," तो म्हणाला. "संपलं होतं. बंद पडली असती."

"देवांनी चालेल म्हणून सांगितलं असताना?"

आता बांध फुटलाच होता. थ्याम-सूनं जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. फक्त हीच नाही, सगळ्याच. शिंपीणताईंची चार वेळा. दूधवाल्याची. डॉक्टरसाहेबांची, खोकल्याच्या आठवड्यातली धरून. रोज दुपारी, तुम्ही झोपल्यावर. सरबताच्या वेळी पाहुण्यांची. एकही गाडी आपोआप बरी झाली नव्हती. "देवांना बोल लागू नये म्हणून केलं," तो म्हणाला, "आणि देवांच्या नावावर वर्षभर फसवलं तुम्हाला. मला काय नाव ठेवायचं ते ठेवा."

जळकी दाढी खाटीक तेवढा आशेनं पुढं सरकला होता. मग गर्दीतून ग्योक-तुआन मावशी पुढे आली.

"माझं ऑइल कितीदा बदललंस?"

"तीनदा, मावशी."

"मी बदललं का एकदा तरी?"

"तुम्ही नाही."

"मग झालं तर," मावशी सगळ्यांकडे वळून म्हणाली. "मी आजोबांना काय विचारलं होतं? मी नाही बदललं तर चालेल ना. मी नाही बदललं, आणि चाललं. त्यात खोटं कुठं आलं? त्यांनी आम्हाला नको म्हणून सांगितलं होतं. याला कुठं नको म्हटलं होतं?"

गर्दीनं यावर विचार केला. विचार करता करता एकेक चेहरा उजळत गेला. डॉक्टर म्हणाला, हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. मुखियाला तरी राहवेना, देवाच्या नावानं लपून कामं करणं त्याला जरा सलत होतं, विशेषतः सगळ्यांची करून त्याचीच करायची राहिली होती म्हणून. तो म्हणाला देवांनाच विचारू. रस्त्यावरच्या फटाक्यांच्या लाल कागदात गुडघे टेकून त्यानं विचारलं, की आजोबा, थ्याम-सूच्या हातून हे तुम्हीच करवून घेतलंत का?

पालथी, उताणी. पुन्हा तशीच. आणि पुन्हा.

त्साय-होंगनं मागच्या खुर्चीत डोळे मिटून घेतले. थ्याम-सू तिथंच रस्त्यावर बसला आणि लोकांनी त्याला उचलून स्कूटरवर ठेवला. ढोल पुन्हा सुरू झाले. मोटार मोठ्या देवळापर्यंत हूं की चूं न करता गेली आणि तांबडा दिवा विझल्याचं मुखियाला थोडं वाईट वाटलं.

देव पुढच्या वर्षासाठी गादीवाल्याकडे गेले. थ्याम-सूला वाटलं, आता पूर्वीसारखं होईल. पण वस्तीची बैठक बसली, आणि जे काम देवांनी स्वतः करवून घेतलं ते किलोमीटर बघून करणं बरं नव्हे, त्याला तिथी हवी, असं तिथं ठरलं. दुकानदार दर महिन्याला बीजेला आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भूमिदेवाची पूजा करतातच. ऑइलही त्याच दिवशी बदलायचं. बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची, गाडीसकट दुकानापुढे ठेवायची, किल्ली गाडीलाच सोडायची, आणि दुपारी झोपायला जायचं. कारण थ्याम-सूला देवांनी काम सांगितलं ते दुपारचं.

पहिल्या बीजेला थ्याम-सूनं मावशीच्या स्कूटरखाली परात ठेवली आणि नट काढला. मधासारखं सोनेरी ऑइल खाली आलं. तो उठून तिच्या दारात गेला.

"मावशी, हे अजून कोरं आहे. मिरवणुकीआधीच बदललंय, तेव्हापासून तुमची गाडी चालली किती? बाजारात जाऊन आलात, एवढंच."

मावशी उशीला डोकं टेकून पडली होती. "मग?"

"हजार व्हायला तुम्हाला अजून तीन महिने लागतील. फुकट जातंय सगळं. मी सांगतो ना, काही होत नाही, राहू दे."

"जन्मभर बदला बदला म्हणून आमच्या मागे लागलास," मावशी डोळे न उघडता म्हणाली, "आणि आता सगळी वस्ती बदलायला लागली तर तुला आळस आला होय रे?"

तो परत आला. ओळीनं उभ्या असलेल्या साऱ्या स्कूटरींची ऑइल मोजायची काडी त्यानं बाहेर काढून पाहिली. सगळ्यांचं ऑइल लखलखत होतं. एवढं चांगलं ऑइल गटारात घालायला त्याचा हात धजेना. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. मग मावशीचं ऑइल जसंच्या तसं पुन्हा तिच्याच इंजिनात ओतलं. बाकीच्यांचे नट नुसतेच पान्यानं वाजवले, थोडी जमीन ओली करून पुसली. बाटल्या राहिल्या. त्या ठेवून घेतल्या असत्या तर चोरी झाली असती, म्हणून ज्याची त्याची बाटली ज्याच्या त्याच्या स्कूटरच्या आसनाखाली परत सरकवली, आणि किती तरी महिन्यांनी माडीवर जाऊन स्वच्छ मनानं झोपला.

जाग आली ती खालच्या गलक्यानं. आधी मावशीचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती की सकाळी माझ्या हातानं बाटली दिली, ऑइल बदललेलं आहे, गाडी लोण्यासारखी चालतेय, आणि आसन उचलून बघते तर बाटली भरलेली, सीलसुद्धा तुटलेलं नाही. शिंपीण म्हणाली, माझीही. दूधवाला म्हणाला, माझीही. मग चपला काढल्याचे आवाज आले, ज्या आवाजांची थ्याम-सूला आता चांगली ओळख झाली होती. त्यानं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

त्साय-होंग खिडकीशी जाऊन बघून आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"उठा," ती हळूच म्हणाली. "तुमच्या पान्यांच्या पेटीला उदबत्ती लावतायत."